ती काही खात नाही

घाटंजी,
५ सप्टेंबर १९५९

प्रिय खेमसिंग,

राम राम. कार्डावर जागा कमी, म्हणून एकदम मुद्द्याचंच लिहितो. मागच्या पत्रात तिच्याविषयी सगळं कळवलंच आहे, ते पोचलं असेल. तिला घरी आणून महिना होत आला, पण अजून रुळत नाही. दिवसभर कोपऱ्यात पडून असते. जवळ गेलं की अंग चोरते. मुख्य म्हणजे काही खात नाही. रोज ताजं, कोवळं काहीतरी पुढ्यात ठेवतो, ती ढुंकून बघत नाही. परवा तोंड उघडून बळेच भरवायला गेलो, तर हाताला कडकडून चावली. शेजारी म्हणतात, मास्तर, नसती ब्याद कशाला, रानात सोडून द्या. पण मला तिचा लळा लागला आहे. तुमच्याकडे जाणती माणसं आहेत. धावजी नायकांना विचारून काही उपाय असेल तर उलट टपाली कळव. सोमवारपासून आठवडाभर मी शिबिराला यवतमाळला आहे.

बाकी इकडे सर्व खुशाल.

तुझा,
सेवादास

*

तांडा, मुकुटबनजवळ,
९ सप्टेंबर १९५९

श्रीयुत जवाईबापू मास्तरसाहेब यांस,

खेमसिंगचा राम राम. एरवी मी तुला अरेतुरे करतो, कारण आपण एका बाकावर बसून छड्या खाल्ल्या आहेत. आज तुम्हाला अहोजाहो करतो आहे. यावरून काय ते समजा.

तुमचं कार्ड आलं तेव्हा मी वावरात होतो. पोस्टमनने ते पारावर बसलेल्या माणसांना वाचून दाखवलं. मागचं पत्र वगैरे आम्हाला काही मिळालेलं नाही. नाल्याला पूर होता, गेलं असेल वाहून. पण या एका कार्डात सगळं आलं. मी घरी पोचेपर्यंत याडी-बापूंना बातमी लागली होती, आणि पोरीच्या पाठवणीला गातात तो ढावलो याडीने भर अंगणात पुन्हा लावला होता. बापूंनी काठी शोधायला घेतली होती.

मास्तर, माझी बहीण तुमच्या घरात कोपऱ्यात पडून असते, काही खात नाही, आणि तुम्ही तिचं तोंड उघडून बळेच भरवता? शाळेत पोरांना असंच शिकवता काय? चावली हे मात्र खरं असणार. लहानपणी मलाही चावली होती, दंडावर वण आहे. पण तेवढ्यावरून कोणी बायकोला रानात सोडून द्यायचं म्हणत नाही. आणि शेजाऱ्यांचं ऐकून ते वर आम्हालाच कळवायचं! बापू म्हणाले, "त्याईले म्हना, रानात सोडाचं काम नाई. जिथून नेली तिथंच आनून सोडा."

याडी तेवढी म्हणाली, "लळा लागला म्हून बी लिवलं ना बापा त्यानं." याडी भोळी आहे.

तुम्ही शिबिराला आहात हे बरंच झालं. मी शनिवारी घाटंजीला जाऊन जमनीला घेऊन येतो. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा ती आमच्या अंगणात असेल.

आपला साळा,
खेमसिंग

*

घाटंजी,
१६ सप्टेंबर १९५९

अरे गाढवा खेमसिंग,

काल शिबिराहून आलो. दाराला कुलूप. शेजारच्या खातूनबीने किल्ली हातावर ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या घरी कोणी गेलं. मग तुझं पत्र वाचलं. आधी घाम फुटला, मग हसलो, आणि मग डोक्यावर हात मारून घेतला.

ती म्हणजे धामण! धामण, धामण, धामण! साप! जमनी नाही!

वाहून गेलेल्या पत्रात हेच तर सगळं लिहिलं होतं. खातूनबीचा नवरा अब्दुल गनी मिस्त्री मोटारी दुरुस्त करतो. त्याच्याकडे एका नादुरुस्त मोटारीच्या सीटखाली ही निघाली. लोक लाठ्या घेऊन धावले. मी म्हटलं थांबा, हिला विष नाही, आणि पोत्यात घालून घरी आणली. माझ्या वर्गातली पोरं दिसेल तो साप ठेचतात. एक बिनविषारी जनावर समोर जाळीच्या पेटीत जगताना पाहिलं तर त्यांचा हात थोडा तरी थांबेल, असा माझा विचार. हेडमास्तरांनी एका अटीवर परवानगी दिली: पोरांसमोर पेटीत जिवंत जीव टाकायचा नाही. त्यातच, सुरुवातीला मी घरी एक जिवंत उंदीर सोडला, तर त्यानेच हिच्या शेपटीचा लचका तोडला, वर जाळीतून निसटून जमनीच्या पिठात शिरला. तेव्हापासून मेलेले उंदीर देतो, आणि हे बाईसाहेबांना पसंत नाही. खातूनबी तर म्हणते, "मास्तर, ये बडी परहेजवाली है. मुर्दार नहीं खाती." आता सापाला हलाल-हराम कोण शिकवणार?

असो. तोंड उघडलं ते हिचं. चावली ती ही. रानात सोडा म्हणतात ते हिला. आता सगळ्यांना समजावून सांग, बापूंची काठी जागेवर ठेव, आणि जमनीला परत पाठव. की मी न्यायला येऊ?

एक कळत नाही. खातूनबी म्हणते, तू आलास तेव्हा जमनीने एका शब्दाने खुलासा केला नाही, गाठोडं बांधून तुझ्यापुढे निघाली. कार्डातली ती कोण, हे तिला ठाऊक असणारच. पेटी तिच्या चुलीपासून हातभर अंतरावर आहे.

तुझा,
सेवादास

*

तांडा, मुकुटबनजवळ,
२४ सप्टेंबर १९५९

अरे सेवादास,

(बघ, पुन्हा अरेतुरेवर आलो.)

तुझं पत्र मी पारावर उभा राहून मोठ्याने वाचलं. धावजी नायक, म्हणजे आपले बापू, तांड्याचे नायक असल्यामुळे सहसा हसत नाहीत. पण "चावली ती ही" इथे आल्यावर त्यांचं पागोटं सुटून मांडीत पडलं. आता तांड्यात तुझं नाव धामणवाला जवाई पडलं आहे. तू पुढच्या वेळी येशील तेव्हा पोरं पोत्यात बेडूक घेऊन वेशीवर उभी असतील, आत्ताच सांगून ठेवतो. आणि गंमत बघ, तुझं ते वाहून गेलेलं पत्रही परवा आलं, ओलं होऊन वाळलेलं, पापडासारखं. त्यात खरंच सगळं आहे. दोन पानं धामण. तिचा रंग, तिची जीभ, तिची कात.

मला आता आठवतं. शनिवारी मी रागाने लाल होऊन तुझ्या दारात उभा राहिलो आणि कार्ड जमनीपुढे धरलं. तिने ते हातात घेऊन दोनदा वाचलं. मग तोंडाला ओढणी लावून एवढी हलायला लागली की मला वाटलं, रडते आहे. हसत होती! मग डोळे पुसून म्हणाली, "बराबर लिवलं हाये. चाल." म्हणजे तिला कळलं होतं की हे सापाचं आहे. तरी दोन मोटारींच्या प्रवासात आणि पुढे तुझं पत्र येईपर्यंत मला पत्ता लागू दिला नाही.

आता अडचणीचं सांगतो. काल मी तिला म्हटलं, "चाल, पोचवून देतो तुले." तर म्हणाली, "मले नाई जा लागत." काहून विचारलं तर उठून विहिरीवर गेली. माझ्या मते हे त्या सापाचंच आहे. नवी नवरी घरात येते आणि नवरा दिवसभर दुसरीच्या तोंडाकडे बघत बसतो, म्हटल्यावर कोणाला सहन होईल? माझी बायको बसंतीबाई तर त्या धामणीला सरळ जमनीची सवत म्हणते. त्यात उंदीर. एक उंदीर पिठात शिरला म्हणजे बाईमाणूस सगळं विसरेल, ते विसरणार नाही.

तेव्हा जवाईबापू, सवतीला मेलेलं खायची सवय लावा, घरात जिवंत उंदीर दिसू देऊ नका, मग मी बोलून पाहतो. उपाय असा: मेलेल्या उंदराच्या शेपटीला दोरी बांध आणि दुरून ओढ. याडी म्हणते, त्याला तूप लाव. याडीचा सगळ्या दुखण्यांवर तूप हाच उपाय आहे.

आणखी एक. तू हिला जेवायला देत होतास ना? आली तेव्हा गालफडं बसली होती. आता बसंतीबरोबर जेवायला बसते तर भाकरी संपते आणि गप्पा संपत नाहीत. बापू म्हणाले, "पोट्टी भरून आली थोडी." मी सहज विचारतो आहे.

तुझा,
खेमसिंग

*

घाटंजी,
३ ऑक्टोबर १९५९

प्रिय खेमसिंग,

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. तो तू सहज विचारलेला नाहीस. ज्वारीची कोठी गळ्यापर्यंत भरलेली आहे. तूप आहे, डाळ आहे, आठवडी बाजारातून मी वांगी निवडून आणतो. जमनीचं पोटच लहान आहे. पहिल्या दिवसापासून पाहतो, ती जेमतेम खाते. म्हणजे पाहतो असं नाही. मी जेवून उठतो, मग ती जेवते, मी काही तिच्या ताटात डोकावत नाही. संध्याकाळी प्रौढांच्या वर्गाला जातो तेव्हा सांगून जातो, मला उशीर होईल, तू जेवून घे. आणखी काय करायचं असतं? तुमच्या तांड्याची हवा तिला मानवत असेल.

आता उपायांचं. दोरी बांधली. अब्दुल गनीने मोटारीच्या गिअरचं सगळं ज्ञान पणाला लावून कप्पी बसवली. मी ओढलं, उंदीर टुणकन उडाला आणि पेटीच्या जाळीला लटकला. धामणीने मान वळवून कप्पीकडे पाहिलं, उंदराकडे नाही. तूप लावलं. मुंग्या आल्या. मुंग्या आल्या म्हणून पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. त्या वाट्यांत माझा पाय पडला. त्याच वेळी खातूनबी दारात उभी होती, हे सांगायला नकोच.

मला खरं तर हसू येत नाही. ती रोडावली आहे. कातडी निस्तेज पडली आहे. मी समोर बसून बघत राहतो. जीभ बाहेर काढते, उंदराचा वास घेते आणि परत वेटोळं घालून बसते. भूक नाही असं नाही. तिला दिसतं की समोर आहे ते हलत नाही, म्हणून तिला ते खाणंच वाटत नाही. भरल्या ताटाशी एखादा उपाशी बसतो, हे मी पहिल्यांदाच पाहतो आहे.

जमनीला सांग, उंदीर निसटणार नाहीत याची जबाबदारी माझी. तिच्याशिवाय घर फार शांत झालं आहे. तशी ती बोलत नव्हतीच म्हणा. पण तवा वाजायचा, बांगड्या वाजायच्या. आता फक्त खातूनबीचा कोंबडा वाजतो.

दिवाळीच्या आत हिला मेलेलं खायला लावतोच. पैज.

तुझा,
सेवादास

*

तांडा, मुकुटबनजवळ,
१४ ऑक्टोबर १९५९

प्रिय सेवादास,

कप्पीचा भाग पारावर दोनदा वाचावा लागला. दुसऱ्यांदा खास वृद्ध मंडळींसाठी. पण आज मला जास्त हसवायचं नाही, तेव्हा नीट वाच.

दसऱ्याला तू येशील असं इथे सगळ्यांना वाटलं होतं. आला नाहीस. धामणीला टाकून कसा येणार, असं मी म्हटलं, आणि त्यावर या वेळी कोणी हसलं नाही. तांड्याचं तुला माहीत आहे. बोलायला एकाने सुरुवात केली की दुसरा ते शिवून पुढे नेतो. आता गोष्ट अशी झाली आहे की मास्तर सापाला रोज उंदीर आणतो आणि बायकोला विचारत नाही. तांड्यातल्या हरिसिंगच्या मावशीने तर बापूंना तोंडावर विचारलं की पोर परत पाठवणार की दुसरीकडे बघणार. बापू तिथून उठून गेले. रात्री मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाई गेली तं नसाब बसवा लागन." तांड्याची पंचायत बसली की काय होतं, तू पाहिलेलं आहेस. नसाबीत शहाणी माणसं बसतात, पण ती सगळी एकदम बोलतात. आणि एकदा का तुझं-माझं तिच्यापुढे गेलं की ते तुझं-माझं राहत नाही.

म्हणून मी जमनीला सरळ विचारलं. म्हटलं, "मास्तर मारते काय तुले?" म्हणाली, "नाई." "दारू पेते?" "नाई." "मंग सापानं तरास देल्ला?" तर म्हणाली, "तिचा माह्यावर काही राग नाई, माहा बी तिच्यावर नाई." मग मी वैतागलो आणि म्हटलं, "मंग काहून नाई जात?" तेव्हा ती म्हणाली, "त्याईले इचार, कार्डातली ती कोन हाये."

मी म्हटलं, धामण, ते तर कधीच कळलं. तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच गाढव. आता तू मला गाढव म्हणालास, तिने न बोलता म्हटलं. दोन साक्षीदार झाले. अर्थ तुला लागला तर बघ.

तुझा,
खेमसिंग

*

घाटंजी,
२१ ऑक्टोबर १९५९

खेमसिंग, खेमसिंग!

खाल्लं! तिने खाल्लं!

दम लागला आहे तरी लिहितो. परवा अब्दुल गनीने कप्पी काढून टाकली आणि बारीक लवचीक तार आणली. मी उंदीर आधी चुलीच्या निखाऱ्याजवळ धरला, अंग कोमट होईपर्यंत. जिवंत असतो तेवढाच ऊबदार. मग तारेला अडकवून पेटीत सोडला, आणि अब्दुल गनी दाराआड बसून तार अगदी हळू थरथरवू लागला. उंदीर एक पाऊल सरकला. थांबला. पुन्हा सरकला. धामणीची मान उचलली गेली. जीभ एकदा, दोनदा. आणि मग काय झालं ते दिसलंच नाही, इतक्या झपाट्याने झालं. तार अब्दुल गनीच्या हातातून सुटली. मी टाळ्या वाजवल्या. अब्दुल गनीने मला मिठी मारली, त्याच्या हाताचं ऑईल अजून माझ्या सदऱ्यावर आहे. खातूनबी मात्र म्हणाली, "धोका दिया बिचारी को." म्हणू दे. पोटात गेलं ना?

काल पुन्हा दिलं, पुन्हा खाल्लं. आता या घरात जिवंत उंदीर येणार नाही. जमनीला सांग, तिच्या पिठाला, चुलीला, कशालाही धक्का नाही. बापूंना सांग, नसाबीची गरज नाही. त्या दसऱ्याचं म्हणशील तर मी चुकलो, तेव्हा धामण फारच मलूल होती.

कोड्याचं मला काही कळलं नाही. कार्डातली ती धामण. दहा वेळा सांगून झालं. आणखी कोण असणार?

तिला घेऊन कधी येतोस?

तुझा,
सेवादास

*

तांडा, मुकुटबनजवळ,
२५ ऑक्टोबर १९५९

मास्तरांस जमनीचा राम राम.

माही चौथी झाली हाये, हे तुमी इसरले असान. भाऊ म्हने, मी लिवतो तुह्या वतीनं. मी म्हनलं, नोको. तू अर्धं लिवशीन आन् अर्धं पारावर वाचशीन. मी बोलते तसंच लिवते, चुका काढत बसू नोका.

तिनं खाल्लं, लय चांगलं झालं. मले खरंच बरं वाटलं. मी तिले पाह्यलं होतं ना रोज. तुमी शाळेत गेले की आमी दोघीच राहो घरात. ती तिच्या कोपऱ्यात, मी माह्या.

आता कार्डाचं सांगते. भाऊनं कार्ड दाखोलं तवाच मले समजलं, हे धामनीचं हाये. पर वाचता वाचता एकेक गोठ माहीच निंगाली. घरी आनून महिना होत आला, अजून रुळत नाई. मी बी तवाच आलती. दिवसभर कोपऱ्यात पडून राह्यते. मी बी. अंग चोरते. मी बी. रोज ताजं पुढ्यात ठेवतो, ढुंकून पाहात नाई. मी बी नोहोती पाहात. एक चावाचं तेवढं राह्यलं. चावाले पाह्यजे होतं, मंग तुमी माह्यावर बी दोन पानं लिवले असते.

तुमी म्हनता, माहं पोट लहान हाये. माहं पोट लहान नाई. बसंती भोजाईले इचारा.

आमच्या घरी याडी, भोजाई, मी, समद्या एका परातीत जेवतो. एक घास घेतला का दोन गोठी होतेत. एकटं ताट आमच्या घरी फक्त दुखन्याइताले देतेत. तुमच्या घरी पयल्या रोजी तुमी जेवून उठले, म्हनले, तू जेवून घे, आन् पेटीपाशी जाऊन बसले. मी ताट घेतलं. समोर भित. मले वाटलं, मी बिमार पडली का काय. घास तोंडात फिरे, पर गयाखाली उतरे नाई. भाकर गाईले टाकली. दुसऱ्या रोजी बी तसंच. मंग रोजचंच झालं. तुमाले सांगाची लाज वाटे. एवढे शिकेल मास्तर, म्हनतीन, कशी गावंढळ बाई हाये, जेवाले सोबत पाह्यजे म्हनते.

तुमी सापाच्या तोंडाकडे पाहात बसा, भूक हाये का नाई, जीभ काढते का नाई. मी त्याच खोलीत होती जी.

मी रागानं नाई आली इथं. भुकेनं आली.

आता तुमी मेलेल्या उंदराले तार बांधली, थो हालला, तिले जित्तं वाटलं, तिनं खाल्लं. साप हाये, फसला. माह्यासाठी काही तार बांधू नोका. दारातून 'जेवून घे' म्हनलं, म्हंजे कोनी सोबत हाये असं मले नाई वाटत. तुमच्या धामनीले जित्तं पाह्यजे, मले बी जित्तंच पाह्यजे. खाले नाई. समोर बसाले.

भाऊले हे दाखोत नाई. पाकीट मीच चिपकवते.

जमनी

*

घाटंजी,
२८ ऑक्टोबर १९५९

जमनी,

तुझं नाव पाकिटावर मी पहिल्यांदाच लिहितो आहे. कोणता मायना घालायचा ते कळेना, म्हणून नुसतं नावच लिहिलं. दीड महिना मी तुझ्याविषयी तुझ्या भावाला विचारत बसलो. तुला एक ओळ लिहावी हे सुचलं नाही.

तुझं पत्र काल दुपारी शाळेत आलं. वाचून मला लाज वाटली. पुढच्या तासाला पोरांना काय शिकवलं ते आठवत नाही.

खरं सांगायचं तर मला हे माहीतच नव्हतं. मी सहाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलो. घंटा झाली की ओळीत बसायचं, जेवताना बोलायचं नाही, ताट रिकामं झालं की उठायचं. जेवण म्हणजे एवढंच, असं मी धरून चाललो. आमच्या तांड्यातही माझी याडी आणि काक्या एका परातीत जेवत असतील. मी कधी पाहिलं नाही.

काल रात्री भाकरी केल्या, वाकड्या झाल्या. ताट वाढून घेतलं आणि समोर भिंत दिसली. तू लिहिलंस तीच. मग ताट उचललं आणि धामणीच्या पेटीसमोर जाऊन बसलो. म्हटलं, जित्तं तर हेही आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी म्हटलं, आज वर्गात पाच पोरं गैरहजर होती. तिने तोंड फिरवलं. घास काही उतरला नाही. तो मी खातूनबीच्या कोंबड्याला टाकला, आणि पहाटे पुन्हा तोच ओरडत होता. तू हे रोज कसं काढलंस?

धामणीचं काय करायचं ते तू आल्यावर तूच ठरव. शाळेत द्यायची तर देऊ, सोडायची तर दोघं जाऊन सोडू. तुम्हा दोघींची ओळख माझ्याहून दाट आहे. दिवाळीचे चार दिवस अब्दुल गनी तिच्याकडे बघेल. तार कशी हलवायची ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

प्रौढांचा वर्ग मी संध्याकाळी लवकर घ्यायचं ठरवलं आहे. आपण दोघं जेवू ती वेळ मोकळी राहील. परात आपल्याकडे नाही. तांड्यातून येताना एक घेऊन येऊ, नाहीतर मुकुटबनच्या बाजारात बघू. मला जेवताना काय बोलायचं ते येत नाही. तू बोल, मी शिकेन.

शुक्रवारी शाळा सुटली की निघतो. पांढरकवड्याला मोटार बदलायची, आणि ती वेळेवर मिळाली असं अजून कोणी सांगितलेलं नाही, तेव्हा पोचायला अंधार पडेल. तुमच्या वेशीवर पोरं बेडूक घेऊन उभी असणार, त्यांच्यातून सुटायलाही वेळ लागेल. याच्या वरची ओळ खोडलेली दिसते ना? तिथे सवयीने लिहून गेलो होतो, की मला उशीर झाला तर तू जेवून घे.

नको. मी येईपर्यंत जेवू नकोस.

सेवादास